आवाज कुणाचा?

‘अरे, आवाज कुणाचा?’ ही आरोळी महाराष्ट्रात दोन ठिकाणी हमखास ऐकू येते. एक शिवसेनेच्या मेळाव्यात आणि दुसरी पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी, भरत नाट्य मंदिराचं छप्पर उडवायला निघालेल्या कॉलेजच्या पोरांमध्ये. दोन्हीकडे उत्तर ठरलेलं असतं आणि ते एका दमात येतं. मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या साध्या माणसाला मात्र हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. सकाळी दूधवाल्याला ‘कल एक पिशवी जास्ती देना’ म्हणाला तो आवाज कुणाचा, लोकलमध्ये ‘अंदर चलो, अंदर चलो’ ओरडला तो कुणाचा आणि ऑफिसच्या कॉलवर ‘ॲम आय ऑडिबल?’ असं कमालीच्या नम्रपणे विचारतो तो कुणाचा, याचा हिशेब त्याने स्वतःच कधी ठेवलेला नसतो. गळा एकच, भाडेकरू अनेक.

ज्याला प्रत्यय हवा असेल त्याने कामाच्या दिवशी सकाळी घाटकोपर स्टेशनच्या पुलावर उभं राहावं. म्हणजे लोक उभं राहू देतील तितका वेळ. ८ जून २०१४ ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि मुलुंड-भांडुपकडचा माणूस इथे उतरून वरच्या वर अंधेरीला जाऊ लागला. त्याचा वेळ वाचला वगैरे ठीकच; मेट्रोची खरी करामत त्या पुलावर दिसते. लोकलमधून जो उतरतो, म्हणजे मागच्यांकडून उतरवला जातो, त्याची बॅग पोटावर असते, कोपर बाहेर, भुवया एकत्र आणि जिभेवर एक शिवी तयार, लागली तर असावी म्हणून. तोच माणूस जिना चढतो, कार्ड टेकवतो, झडपा उघडतात आणि पलीकडे भलताच गृहस्थ बाहेर पडतो. कोपर आत. फलाटावर आखलेल्या रेघेमागे उभा. गाडी आली की आधी उतरणाऱ्यांना उतरू देतो! चुकून कुणाला धक्का लागला तर ‘सॉरी’ म्हणतो. घटकाभरापूर्वी याच माणसाने कुणाच्या तरी पायावर पाय देऊन वर त्यालाच ‘दिखता नहीं क्या?’ असं विचारलेलं असतं. संध्याकाळी हाच प्रयोग उलटा. अंधेरीहून ‘एक्सक्यूज मी’ करत आलेला सज्जन जिना उतरताना पायरीपायरीला सभ्यपणा काढून ठेवत जातो आणि शेवटच्या पायरीवर कोपर पुन्हा कामाला लागतात.

हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. थंड हवा, काचा, पुसलेली फरशी आणि शेजारचा गप्प उभा आहे, एवढं पुरतं. अर्व्हिंग गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये एक अख्खं पुस्तक लिहिलं, की माणूस रोजच्या जगण्यातही रंगमंचावर असल्यासारखा वागतो आणि विंगेत गेला की वेगळा असतो. त्यासाठी तो स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर जाऊन राहिला होता. तिथल्या हॉटेलातली माणसं पाहुण्यांसमोर कशी वागतात आणि स्वयंपाकघरात कशी, हे त्याने टिपलं. एवढ्या लांब, एवढ्या गारठ्यात. घाटकोपरला आला असता तर एका रिटर्न तिकिटात पुस्तक झालं असतं आणि वर वडापाव.

म्हणून लोकलमध्ये नियमच नाहीत असं कुणी समजू नये. उलट इतके आहेत की लिहायला बसलं तर संहिता होईल. कुठे छापलेले नाहीत एवढंच. बोरिवलीच्या माणसाने विरार फास्टमध्ये चढू नये, हे त्यातलं पहिलं कलम. चढलाच तर त्याला बोरिवलीला उतरू देण्याची जबाबदारी डब्यावर नाही. वसई-विरारच्या मंडळींचं म्हणणं, तुम्हाला तुमच्या गाड्या असताना आमच्या छातीवर कशाला? हे म्हणणं मांडताना ते तोंडाचाच वापर करतील अशी खात्री नसते. बायकांच्या डब्यातला कारभार याहून सुसंस्कृत. तिथे सगळं एका प्रश्नावर चालतं: ‘कहाँ?’ बसलेली ‘अंधेरी’ म्हणते, उभी असलेली मान हलवते आणि व्यवहार पक्का. आता अंधेरीनंतर ती जागा हिची. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे; इतका बिनचूक तोंडी करार त्यालाही क्वचितच भेटला असेल. मध्येच तिसरीने त्या जागेवर टेकायचा प्रयत्न केला तर अख्खा डबा साक्षीला उभा राहतो. आणि ती सुप्रसिद्ध चौथी सीट! तिघांच्या बाकावर चौथ्याने अर्धं अंग टेकवायचं, त्यासाठी विनंती वगैरे करायची नाही, तळहात जरासा हलवायचा. नवा माणूस पहिल्या दिवशी याला दादागिरी म्हणतो. पावसाळा संपेपर्यंत तोच तळहात हलवायला लागतो आणि कुणी सरकलं नाही तर ‘माणुसकीच राहिली नाही’ असं म्हणतो.

२०१७ च्या नाताळात बोरिवलीहून पहिली एसी लोकल चर्चगेटला गेली. दारं आपोआप बंद होणारी. यथावकाश गर्दी तिथेही झाली, पण आवाजाची पट्टी खाली आली. एसी लोकलमध्ये भांडण इंग्रजीत होतं. ‘दिस इज नॉट डन’ म्हणतात आणि दोघंही आपापल्या मोबाइलमध्ये बघायला लागतात. हात उचलायला इंग्रजीत वाक्यच नसावं बहुधा.

समोरच्याकडे बघून भाषा काढायची, हा इथला बाळकडूपासूनचा संस्कार. रिक्षा दिसली की मराठी माणसाच्या तोंडून हिंदी बाहेर पडते. रिक्षा ही खास उपनगराची मालमत्ता, खाली शहरात तिला मज्जाव; तशी ही हिंदीही खास उपनगरी. ‘भैया, एलआयसी कॉलनी आयेगा?’ ‘बैठो साब.’ मग सुखसंवाद सुरू होतो. ‘ये खोदके खोदके रस्ते का पूरा वाट लगाया है.’ ‘हां ना साब, और पाऊस पडा तो चिखल होएगा ना.’ ‘चिखल तो होएगाच, पण ट्रॅफिक कितना तुंबेगा बघो.’ लखनौचा माणूस मध्ये बसला असता तर त्याला ही कुठली भाषा ते शेवटपर्यंत कळलं नसतं. तेवढ्यात रिक्षावाल्याचा फोन वाजतो आणि तो म्हणतो, ‘हां आई, तू जेवून घे, मला उशीर होईल.’ मागच्या सीटवर शांतता. पुढेही शांतता. दोघांच्याही एकाच वेळी लक्षात आलेलं असतं. आता खरं तर मोकळं व्हायला हरकत नाही, ‘गाव कुठलं तुमचं?’ विचारायचं, पण एवढा वेळ ‘भैया’ आणि ‘साब’ केल्यावर एकदम ‘दादा’वर यायचं कसं? बहुतेक जण तो प्रसंग टाळतात. ‘बस, इधरच’ म्हणून उतरतात, मीटरप्रमाणे पैसे देतात आणि ‘थँक्यू’ म्हणतात. समोरूनही ‘वेलकम’ येतं. दोन मराठी माणसांत अब्रूनिशी तडजोड करायची तर इंग्रजीच लागते. आणि याच रिक्षात बसून त्या गृहस्थाने ‘मराठी माणसाने मराठीतच बोलावे’ हा संदेश सगळ्या ग्रुपांवर पुढे ढकललेला असतो.

ती हिंदीसुद्धा आमची स्वतःची नव्हे. १९९५ मध्ये ‘रंगीला’ आला, १९९८ मध्ये ‘सत्या’, पुढच्या वर्षी ‘वास्तव’, २००३ मध्ये ‘मुन्नाभाई’. टपोरी कसा बोलतो हे सिनेमावाल्यांनी टपोऱ्यांकडून उचललं आणि मग टपोऱ्यांनी ते सिनेमावाल्यांकडून परत घेतलं, थोडं व्याज लावून. मूळ मुद्दल कुणाचं ते आता निघणार नाही. मुलुंडचा नाकासमोर चालणारा अकाउंटंट, ज्याने जन्मात कधी सिग्नल तोडला नाही, तो भाजीवाल्याने कोथिंबिरीची काडी वर टाकायला नकार दिला की ‘बोले तो?’ म्हणून मान तिरकी करतो. भाजीवाला घाबरत नाही, कारण त्यानेही तो सिनेमा बघितलेला आहे. २००६ मध्ये ‘लगे रहो मुन्नाभाई’ आला आणि लोक फुलं घेऊन सरकारी कचेऱ्यांत जायला लागले. याला ‘गांधीगिरी’ म्हणत. बापूंचा फोटो त्या कचेऱ्यांत भिंतीवर पहिल्यापासून होताच. त्याच्याकडे बघायला संजय दत्त यावा लागला.

पाट्यांचंही तसंच. दुकानांच्या पाट्या मराठीत करा, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली, ती २५ नोव्हेंबरला संपली आणि महापालिकेची माणसं फिरायला लागल्यावर रस्ते भराभर मराठी झाले. ‘हेअर अँड ब्यूटी लाउंज’, ‘मेन्स वेअर अँड ॲक्सेसरीज’, ‘पेट ग्रूमिंग’. आमच्या शेजारच्या आजी बेस्टच्या खिडकीत बसून आता सगळ्या पाट्या घडाघडा वाचतात. पूर्वी वाचता येत नव्हतं म्हणून कळत नव्हतं. आता वाचता येऊन कळत नाही. याला साक्षरता म्हणतात. पुढच्या वर्षी ३ ऑक्टोबरला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर अभिनंदनाची झुंबड उडाली: ‘काँग्रॅट्स टु ऑल महाराष्ट्रियन्स’. रोमन लिपीत.

सोसायटीचा ग्रुप हा मोठा गुरू. ‘चार लोक काय म्हणतील’ या वाक्यावर आमच्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. चाळीत ते चार लोक गॅलरीत उभे असत, ते नक्की कोण हे माहीत असे आणि त्यांच्याही घरातलं आपल्याला माहीत असे, त्यामुळे हिशेब बरोबरीत सुटे. आता टॉवरमध्ये ते चारजण अ‍ॅडमिन झालेत. लिफ्टमध्ये समोरासमोर उभं राहून छताकडे बघणारा माणूस ग्रुपवर ‘डिअर मेंबर्स’ म्हणून हाक मारतो आणि खाली गॅलरीत वाळत घातलेल्या तुमच्या बनियनचा फोटो लावतो. नाव कुणाचंच नसतं. ‘सम पीपल’.

या सगळ्याच्या आधी, एके काळी, आमच्या तोंडाला वळण लावायचं काम सरकारी होतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि बातम्यांचं मराठी हे घरोघरी प्रमाण मानलं जाऊ लागलं. त्या पिढीतले एक काका बोरिवलीत आहेत. ते आपल्या मुलीकडे गेले की दारातच आधी ठळक बातम्या देतात, मग चहा घेत सविस्तर आणि चपला घालताना पुन्हा एकदा ठळक. त्या काळात स्मिता पाटील बातम्या वाचायच्या. असं सांगतात, की त्या जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसत. दिसायचं तेवढं पदरानिशी व्यवस्थित, बाकीचं टेबलाखाली. २०२० मध्ये टाळेबंदीत अख्खी अंधेरी वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली बर्मुडा घालून मीटिंगांना बसली, तेव्हा आपण कुणाची परंपरा चालवतोय हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग खाजगी वाहिन्या आल्या आणि माइक प्रेक्षकांच्या तोंडापुढे आला. माइक आला की मराठी माणसाच्या डोक्यातले सगळे विचार एका क्षणात बाजूला होतात आणि एकच वाक्य उरतं: ‘खूप छान वाटतंय.’ गणपतीत विचारा, मतदानाच्या रांगेत विचारा, नव्या मेट्रोत विचारा, दहावीच्या निकालाला विचारा. खूप छान वाटतंय. अंधेरीच्या सबवेत कमरेएवढ्या पाण्यातून स्कूटर ढकलत निघालेल्या माणसाला ‘काय सांगाल?’ असं विचारल्यावर त्याच्या ओठांवर तेच वाक्य आलेलं मी टीव्हीवर पाहिलंय; शेवटच्या क्षणी त्याने ते गिळलं आणि ‘दरवर्षीचंच आहे’ म्हणाला. पाऊसही हल्ली आम्ही टीव्हीवरच बघतो. खिडकीबाहेर धो धो कोसळत असताना घरातलं कुणीतरी रिमोट शोधतं, बघू या जोरात आहे का.

टीव्हीने आम्हाला दिलेला सगळ्यात महागडा शब्द म्हणजे ‘स्पिरिट’. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री लोकांनी खरोखरच अनोळखी माणसांना घरात घेतलं, चहा-बिस्किटं वाटली, दोर धरून रस्ते ओलांडून दिले. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. समोर माणूस भिजत उभा होता म्हणून. इथपर्यंत सगळं आमचं होतं. मग वाहिन्यांनी त्याला नाव दिलं आणि नाव दिल्याबरोबर ते ऑफिसच्या साहेबांच्या कामाचं झालं. पुढच्या वर्षी ११ जुलैला पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत स्फोट झाले, माणसं गेली आणि दुसऱ्या दिवशी त्याच मार्गावरच्या गाड्या पुन्हा भरून वाहिल्या. पुन्हा स्पिरिट. ज्याला त्याला ठाऊक होतं की रजा शिल्लक नाही आणि पगार कापला तर हप्ता चुकेल. पण टीव्हीवर स्वतःचं इतकं कौतुक ऐकल्यावर ‘साहेब, आज भीती वाटते’ असं म्हणायची सोय राहिली नाही. मुंबईकर म्हणून घ्यायचं आणि घाबरायचं?

मालिकांचा विषय मात्र स्वयंपाकघराचा, आणि तिथे प्रभाव अधिक खोल गेला. १९९९ मध्ये ‘अल्फा मराठी’ सुरू झाली, ‘आभाळमाया’ आली आणि तेव्हापासून उपनगरातलं रात्रीचं जेवण कुकरच्या शिट्ट्यांवर नाही, मालिकेच्या शीर्षकगीतावर ठरू लागलं. ‘तुझ्यात जीव रंगला’ चालू होती तेव्हा दहिसर चेकनाक्याच्या पलीकडे कधी न गेलेली पोरं ‘चालतंय की’ म्हणायला लागली होती. कोल्हापूरच्या पाहुण्याने त्यांच्याशी खरं कोल्हापुरी बोलायला सुरुवात केली तेव्हा ती आईच्या मागे लपली. ‘होणार सून मी ह्या घरची’मध्ये एका नवऱ्याच्या घरात सहा-सहा सासवा होत्या. वन बीएचकेमध्ये एका सासूबरोबर राहणाऱ्या बायका हे रोज तन्मयतेने बघायच्या आणि त्यांच्या सासवा बाजूलाच बसून तितक्याच तन्मयतेने बघायच्या. दोघींनाही आपापली बाजू पटायची. त्या काळात सोनाराकडे ‘जान्हवीचं मंगळसूत्र’ मागितलं की तो डिझाइन विचारत नसे. आणि ‘काहीही हं!’ हे दोन शब्द कितीतरी घरांत भांडणाच्या शेवटी यायला लागले. भांडण त्यामुळे मिटलं नाही, पण दोघं हसले तरी.

सगळ्यांत थोर काम केलं ‘होम मिनिस्टर’ने. २००४ पासून आदेश बांदेकर दारोदार फिरले, महाराष्ट्राचे भावोजी झाले आणि पैठणी वाटत सुटले. या कार्यक्रमाने उखाणा वाचवला, असं म्हणतात. वाचवला खरा, पण कुठल्या अवस्थेत ते बघण्यासारखं आहे. आमच्या आज्यांना नवऱ्याचं नाव घ्यायची चोरी होती. उखाणा ही त्यातली एकमेव सरकारमान्य पळवाट. वर्षातून दोन-चारदा, चारचौघींत, यमक जुळवून का होईना, नाव घेता यायचं. त्यात लाजणं होतं, कारण त्यात खरोखरच चोरी होती. आताची सून नवऱ्याला दिवसभर एकेरी हाक मारते, ‘ए, गॅस बंद कर’, ‘ए, ओला टॉवेल बेडवर कुणी टाकला?’ आणि नावाचे अर्धे तुकडे करून त्यातला एकच वापरते. कॅमेरा समोर आला की तीच पदर सावरते, खाली बघते, ‘इश्श’ म्हणते आणि उखाण्यात तेच नाव असं घेते, की नवरासुद्धा दचकून इकडेतिकडे बघतो, हे कुणाबद्दल चाललंय? लाजायचं कसं हे तिने आजीकडून घेतलेलं नाही. आजी तोवर गेली होती. ते तिने आधीच्या भागातल्या बाईकडे बघून घेतलं आणि त्या बाईने तिच्या आधीच्या.

पैठणीचंही भाव खाणं वाढलं. २०२२ मध्ये ‘महामिनिस्टर’ झालं तेव्हा बक्षिसाची पैठणी ११ लाखांची होती. ती नेसून लोकलने कोण जाणार, हा प्रश्न आमच्या घरी बराच वेळ चर्चिला गेला. इकडे वॉर्डावॉर्डात नगरसेवकांनी हळदीकुंकवाला ‘खेळ पैठणीचा’ सुरू केला. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, जिथे मैदान तिथे मंडप. संक्रांतीला पूर्वी बायका तिळगूळ आणि वाण घेऊन घरी जायच्या. आता फुगे फोडतात, डोळे बांधून टिकल्या लावतात आणि निवडणूक जवळ असेल तर टिकली कुठेही लागली तरी बक्षीस मिळतं.

आणि लग्नं! इथे मला जरा सविस्तर बोलायचंय. आमच्याकडचं लग्न म्हणजे तासाभराचा कारभार होता. अक्षता, मंगलाष्टकं, ‘सावधान’, नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा, जिलबी-मठ्ठा आणि दोनच्या सुमाराला हॉल रिकामा, कारण संध्याकाळी दुसऱ्याचं रिसेप्शन. ५ ऑगस्ट १९९४ ला ‘हम आपके हैं कौन’ आला. तीन तासांच्या वर लांबीचा, चौदा गाण्यांचा, लग्नाचा व्हिडिओच जवळजवळ. त्यातून आम्ही संगीत शिकलो, जोडे पळवणं शिकलो, मेहंदीची रात्र वेगळी असते हे शिकलो. उत्तरेच्या चालीरीती आमच्यावर लादल्या, असं पुढे बऱ्याच जणांनी लिहिलं. पण लादल्या कुणी? नायिका माधुरी दीक्षित, अंधेरीच्या शाळेत शिकलेली. तिची बहीण रेणुका शहाणे. आई रीमा लागू. घरातला नोकर लक्ष्मीकांत बेर्डे. चार मराठी माणसांनी जिवाचं रान करून मराठी माणसाला मराठी लग्न विसरायला लावलं. सलमान खानला उगाच नावं ठेवू नयेत. माधुरीच्या जांभळ्या साडीसारखी साडी मागायला आलेल्या बायकांना दुकानदार ‘ते गाणंवाली ना?’ एवढंच विचारायचे.

त्यानंतर जे आलं ते थांबलं नाही. साखरपुड्यात केक आला. हळदीच्या रात्री नाचावं हा खरा मान आगरी-कोळ्यांचा. त्यांच्याकडे हळद म्हणजे लग्नाहून मोठी. आता मुलुंडला ज्यांच्या घरी हळद परडीभर फुलं आणि पाच सुवासिनींत उरकायची, तिथेही सगळं गोत पिवळे कपडे घालून कोळीगीतांवर हात वर करतं. घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती शेजाऱ्यांनी गरबा दिलेलाच होता. लग्नाआधीचं शूटिंग वसईच्या किल्ल्यावर. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून तो एवढा रक्त सांडून घेतला. आता तिथे रविवारी सकाळी गाऊनची शेपटी धरून मावसभाऊ पळत असतो. काकांना नाच बसवून द्यायला माणूस येतो. गुडघ्याला पट्टा बांधलेले काका ‘वन टू थ्री फोर’ करतात आणि काकू म्हणतात, पंचवीस वर्षांत माझ्याबरोबर मंडईतसुद्धा आले नाहीत.

या सगळ्यात मांडवातली सत्ता कुणाकडे गेली ते मात्र पाहावं. गुरुजींकडे फक्त मुहूर्त उरला. बाकीचं छायाचित्रकार ठरवतो. मागे मुलुंडला एका लग्नात गुरुजींनी मंगळसूत्र बांधायला सांगितलं, नवऱ्याने बांधलं, मंत्र झाले आणि मागून आवाज आला, ‘काढा, परत घाला. हात मध्ये आला.’ गुरुजींनी शास्त्रात आधार आहे का ते बघितलं नाही. त्यांनी घड्याळ बघितलं आणि मंत्र पुन्हा म्हटले, या वेळी कॅमेऱ्याकडे तोंड करून.

पाठवणीची वेळ आली. नवरी चालली होती मुलुंडहून भांडुपला. मध्ये फक्त नाहूर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आईकडे डबा न्यायला येणार हे आधीच ठरलेलं होतं. तरीही सगळे रडले आणि नवरीच्या आजी तर अशा हमसून रडल्या की हॉलचा वॉचमनही बाजूला जाऊन उभा राहिला. आजीचं स्वतःचं लग्न होऊन सत्तर वर्षं झाली असतील. तेव्हा त्या बोटीने कोकणातून आल्या होत्या, त्या सगळ्यासाठीही रडत असाव्यात. रडणं ओसरलं, आजींनी चष्मा पुसून डोळ्यावर ठेवला. तेवढ्यात व्हिडिओवाला पुढे आला.

‘आजी, एकदा परत घेऊ या. मघाशी मागे हॉटेलची व्हॅन आली होती.’

आजींनी त्याच्याकडे बघितलं. चष्मा पुन्हा काढून हातात घेतला आणि अगदी कामाचं बोलावं तसं विचारलं, ‘मघासारखं रडू, की सीरियलमधल्यासारखं?’

तो जरा विचारात पडला. ‘कसंही चालेल, आजी,’ तो म्हणाला, ‘वरून म्युझिक टाकणार आहे.’